आमचं छोटं ज्युनिअर कॉलेज : दोन वर्षं काढल्यावरचा रिव्ह्यू (निवडणूक आणि स्टाफरूमसकट)

मामाची मुलगी यंदा दहावी झाली. २०२५-२६ पासून अकरावीचं अ‍ॅडमिशन सगळ्या राज्यात ऑनलाइन झालंय, त्यामुळे आता आमच्या तालुक्यातल्या पोरांना पण कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने टाकावी लागतात, जास्तीत जास्त दहा. आमच्या वेळी दाखला घेऊन ऑफिसात गेलं, फॉर्म भरला, झालं अ‍ॅडमिशन. तर तिने मेसेज केला, "ताई, तुझं कॉलेज कितव्या नंबरला टाकू?" मी तिला उत्तर लिहायला बसले आणि ते एवढं लांबलं की म्हटलं इथेच टाकावं, अजून कुणाच्या उपयोगी पडलं तर पडेल.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. एक मोठी तक्रार पण आहे खाली, आणि ज्यांनी आम्हाला जीव तोडून शिकवलं ती माणसं अजून तिथेच नोकरीला आहेत, त्यांना त्रास नको. सांगली जिल्ह्याचा दुष्काळी पट्टा, हायस्कूललाच जोडलेलं ज्युनिअर, आर्ट्स आणि सायन्सची एकेक तुकडी, अकरावी बारावी मिळून दोनशेच्या आसपास पोरं. मी आर्ट्सला होते, २०२२ ला अकरावीत गेले आणि २०२४ ला बारावी झाले.

बिल्डिंग वगैरे साधीच आहे. लायब्ररी म्हणजे एक खोली, लॅब हायस्कूलची आणि ज्युनिअरची एकच, कॅन्टीन नाही, गेटसमोर वडापावचा गाडा. या गोष्टींसाठी कुणी तिथे जात नाही आणि त्यावर जास्त लिहिण्यात अर्थ पण नाही. मला लिहायचंय ते विद्यार्थी मंडळाबद्दल, कारण मी आता शहरात डिग्रीला आहे आणि इथे आल्यावर कळलं की आमच्याकडे जे होत होतं ते बाकी ठिकाणी होतच नाही.

आमच्याकडे दरवर्षी जुलैच्या शेवटी निवडणूक व्हायची. खरीखुरी, मतपत्रिका, मतपेटी, मतदार यादी सगळं धरून. प्रत्येक वर्गातून एक मुलगा एक मुलगी असे वर्गप्रतिनिधी, म्हणजे चार वर्गांचे आठ, आणि बारावीतून एक जीएस, म्हणजे जनरल सेक्रेटरी, त्याला सगळ्या कॉलेजने मत द्यायचं. हे सगळं आमचे राज्यशास्त्राचे सर बघायचे. सरांचं म्हणणं असं की राज्यशास्त्राच्या पुस्तकात निवडणूक आयोगावर धडा वाचायचा आणि वर्गात मात्र ज्याला जास्त मार्क त्याला मॉनिटर करायचं, हे बरोबर नाही. हे सर्व नीट शिकवायचे पण. लिंगडोह समितीने २००६ मध्ये कॉलेजच्या निवडणुकीत एका उमेदवाराला ५,००० रुपये खर्चाची मर्यादा सांगितली होती आणि ७५ टक्के हजेरी पाहिजे म्हटलं होतं, ते सरांनी फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, "आपण ५,००० च्या जागी ५० रुपये ठेवू, हजेरी मात्र ७५ टक्केच." त्यामुळे दोन पोरांचे अर्ज हजेरीवर बाद झाले, त्यातला एक तर सरांच्याच गावचा, सरांच्या शेजारचा, तरी बाद.

मतदानाचा दिवस मला अजून डोळ्यासमोर दिसतो. खडूच्या पेट्या ज्या मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात ते खोकं, त्याला वरून फट कापलेली, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून प्रत्येक जोडावर मुख्याध्यापकांची सही. मतपत्रिका झेरॉक्सच्या, नावं अकारविल्हे, मागे ऑफिसचा शिक्का. शिक्का नसलेली मतपत्रिका बाद, हे आधीच सांगितलेलं. मतदार यादी म्हणजे हजेरीपट, त्यावर नावापुढे सही करायची, मग बोटाच्या नखावर मार्करची रेघ. मतदान अधिकारी अकरावीचीच पोरं, जी उभी नव्हती ती. आमचे शिपाईमामा दारात उभे राहून एकेकाला आत सोडत होते आणि कुणी वळून कुजबुजलं की "ए गप, आत मतदान चाललंय" असं एवढ्या गंभीरपणे म्हणायचे की सगळ्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

मोजणी लॅबमध्ये, सगळ्यांसमोर. त्या वर्षी जीएसला तीन मतांचा फरक पडला. हरलेल्या मुलाने फेरमोजणी मागितली, आणि सर अजिबात चिडले नाहीत, परत एकेक मतपत्रिका उचलून दोन्ही उमेदवारांना दाखवून मोजली. फरक तीनच राहिला. मग सरांनी त्याच मुलाला मंडळाचा हिशेब तपासनीस केलं. आधी आम्हाला वाटलं नुसतं समाधान करायला केलंय, पण वर्षभर त्याने जीएसचा एकेक खर्च असा तपासला की बास.

हिशेबाचंच सांगते, कारण खरं महत्त्व तिथेच आहे. गॅदरिंगची वर्गणी, माणशी १२० रुपये, ती मंडळ गोळा करायचं, पावती मंडळ द्यायचं, खर्च पण मंडळच करायचं. पैसे ऑफिसच्या कपाटात, किल्ली मराठीच्या मॅडमकडे, पण काय आणायचं, कुणाकडून आणायचं, मंडप केवढा घालायचा हे आम्ही ठरवायचं. गॅदरिंग झालं आणि हिशेबात ६४० रुपये जुळेनात. हाराचे होते, सगळ्यांना माहीत होतं हाराचे होते, पाहुण्यांच्या गळ्यात हार पडलेले फोटोत पण आहेत. मॅडम म्हणाल्या, "फोटोतल्या हाराची पावती आणा." जीएस मोटरसायकलवरून हारवाल्याकडे गेला, हारवाल्याने जुन्या वहीतलं पान शोधून सही करून दिली, मग हिशेब बंद झाला आणि दोन पानी हिशेब नोटीस बोर्डवर लागला. नारळ, चहापत्ती, स्पीकरवाल्याचं भाडं, सगळं ओळीने. आमच्या गावच्या यात्रेचा हिशेब पण मी असा लागलेला बघितला नव्हता. दुसऱ्या वर्षी आमच्या वडिलांनी तो बोर्डवरचा हिशेब उभं राहून पूर्ण वाचला होता, पालक सभेला आले तेव्हा, आणि घरी येऊन आजीला सांगितला.

एसटीची गोष्ट तर मी सगळ्यांना सांगते. सायन्सच्या पोरींचं प्रॅक्टिकल पाचला सुटायचं आणि आमच्या बाजूच्या गावांची गाडी ४:४० ला सुटायची. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असतो बारावीपर्यंत, पण गाडीच नसेल तर पासाचं काय करायचं, वडापला, म्हणजे खासगी जीपला, रोज २० रुपये, आणि अंधारात वडापने यायला घरचे नको म्हणायचे. दोन पोरींनी तर प्रॅक्टिकल मध्येच सोडून गाडी गाठायला सुरुवात केली होती. मी तेव्हा अकरावी आर्ट्सची प्रतिनिधी, मला काय प्रॅक्टिकल नव्हतं, पण माझ्या गावच्या तिघी त्यात होत्या म्हणून मी मंडळाच्या बैठकीत विषय मांडला, ठराव झाला, आगाराला अर्ज द्यायचं ठरलं. अर्ज मी लिहिला. मराठीच्या मॅडमनी तीन वेळा परत केला. पहिल्यांदा म्हणाल्या, "विनंती करतीयस का भांडतीयस?" दुसऱ्यांदा म्हणाल्या, यात किती मुली, कुठल्या गावच्या, हे कुठाय? मग आम्ही वर्गावर्गात फिरून यादी केली, ३७ मुली, गाव, वर्ग, पास नंबर. तिसऱ्यांदा नुसत्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका. मग मुख्याध्यापकांचा शिक्का घेऊन आम्ही चौघं आगारात गेलो, सोबत भूगोलाचे सर आले पण ते बाहेरच थांबले, म्हणाले, "बोला तुम्ही." साहेबांनी यादी बघितली, प्रत्येक गाव वाचलं आणि म्हणाले बघतो. तीन आठवड्यांनी गाडी ५:२० ला सुटायला लागली.

सतरा वर्षांची होते मी. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मला खरंच रडू आलं होतं, सगळ्या पोरी खिडकीत बसून ओरडत होत्या आणि कंडक्टर मामांना कळेना काय झालंय.

आता स्टाफरूमबद्दल. मोठ्या कॉलेजात स्टाफरूमचा उंबरा आपण ओलांडत नाही, आमच्याकडे मंडळाची वही स्टाफरूमच्या कपाटातच असायची त्यामुळे मी रोजच आत. एक लांब टेबल, दोन लोखंडी कपाटं, खिडकीत मस्टर, कोपऱ्यात चहाचा थर्मास, चहाची वर्गणी महिन्याच्या महिन्याला भिंतीवरच्या कागदावर टिक करायची. अकरा जण शिकवणारे. आणि त्या एका टेबलाला बसणाऱ्या माणसांचे पगार किती वेगवेगळे होते हे मला तिथे बसूनच कळलं. काही अनुदानित पदावर पूर्ण पगारी, भूगोलाचे सर शिक्षणसेवक, म्हणजे सुरुवातीची वर्षं नुसत्या ठरावीक मानधनावर, आणि चौघं तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टी लागली की शून्य. शिकवायचं सगळ्यांनी तेच, पेपर तपासायचे तेच, सुपरव्हिजन तेच.

भूगोलाच्या सरांना शिक्षणसेवक म्हणून महिन्याला ९,००० मिळायचे. एम.ए. बी.एड. झालेला माणूस, दोन लेकरं. १ जानेवारी २०२३ पासून ते मानधन २०,००० झालं, तेव्हा सर कंदी पेढे घेऊन आले, स्टाफरूममध्ये वाटले आणि मग चारही वर्गांत येऊन वाटले. आम्हाला आधी वाटलं सरांना मुलगा झाला. एका पोराने विचारलं तसं सरांनी आकडे सरळ सांगितले, नऊचे वीस झाले म्हणून, आणि वर्ग एकदम गप्प झाला, कारण आमच्यातल्या कित्येकांचे भाऊ, चुलते बाहेर राज्यात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात कामाला होते आणि ते त्याहून जास्त घरी पाठवायचे.

त्याच वर्षी बारावीच्या परीक्षेच्या वेळी ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकांच्या महासंघाने पेपर तपासणीवर बहिष्कार टाकला होता, आठवत असेल. बातम्यांत सगळीकडे विद्यार्थ्यांचं नुकसान होणार एवढंच चाललेलं. आमच्या इंग्लिशच्या सरांनी अकरावीच्या वर्गावर येऊन अर्धा तास नीट समजावून सांगितलं की मागण्या काय आहेत, जुनी पेन्शन म्हणजे काय, १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले आणि नंतर लागलेले यात काय फरक पडतो, वाढीव पदांना मान्यता मिळाली नाही की माणूस वर्षानुवर्षं कसा लटकतो. आणि शेवटी म्हणाले तुमच्या भावा-बहिणींचे पेपर आम्हीच तपासणार आहोत, काळजी करू नका. पुढे बहिष्कार मागे घेतला आणि निकाल पण लागला. मला आवडलं ते हे की सरांनी आम्हाला लहान समजून गप्प बसवलं नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र वाजलं. जूनमध्येच एसटी स्टँडवर आमच्या दोन गटांत मारामारी झाली, कारण जुनंच होतं, गावावरून, पण सगळ्यांनी ती निवडणुकीच्या खात्यावर टाकली. वरून संस्थेतून निरोप आला की निवडणूक बंद करा, दहावीच्या मार्कांवरून प्रतिनिधी नेमा. आम्ही अर्ज केला की निर्णयाआधी आमचं ऐकून घ्या. आणि ऐकून घेतलं! स्टाफ मीटिंगमध्ये आम्हा दोघांना दहा मिनिटं बोलावलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा शिक्षकांना एकमेकांशी भांडताना बघितलं, म्हणजे आवाज न चढवता. केमिस्ट्रीच्या सरांचं म्हणणं होतं की उद्या कुणाचं डोकं फुटलं तर पालकांना तोंड कुणी दाखवायचं. ते चुकीचं नव्हतं. राज्यशास्त्राच्या सरांनी मग सगळा इतिहास मांडला, १९८९ मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, त्यानंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्यापासून थेट निवडणुका गेल्या आणि मार्कांवरून नेमणूक आली, मग २०१६ च्या कायद्याने परत निवडणुका आणल्या. हे सगळं सीनिअर कॉलेजांसाठी, आपण विद्यापीठाखाली येत नाही, शिक्षण खात्याखाली येतो, त्यामुळे आपण काय करायचं ते आपल्यालाच ठरवायचंय, असं सर म्हणाले. आणि पुढे एक वाक्य म्हणाले ते मी बाहेर आल्या आल्या वहीत लिहून ठेवलं, "मारामारी करणारी पोरं मतदान बंद केल्यावर पण तीच राहणार आहेत, फक्त मोजणी शिकायची राहतील."

शेवटी मधला मार्ग निघाला. निवडणूक घ्यायची, पण पॅनल नाही, इन्स्टावर प्रचार नाही, स्टेटस नाही, प्रत्येकाने सगळ्या पोरांसमोर तीन मिनिटं बोलायचं आणि दोन प्रश्नांना उत्तर द्यायचं. केमिस्ट्रीचे सर स्वतः मतदानाच्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत गेटवर उभे राहिले, विरोध करूनसुद्धा. काही झालं नाही. मी त्या वर्षी मंडळाची सचिव झाले, इतिवृत्ताची वही माझ्याकडे आली.

आता तक्रार, आणि ही मनापासून आहे. फिजिक्सच्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. शिकवायला इतक्या चांगल्या की आर्ट्सची पोरं पण म्हणायची आपल्याला असं शिकवा. त्यांचे तासांचे पैसे महिनोन्‌महिने निघायचे नाहीत. दिवाळी गेली तरी जूनपासूनचे पैसे नाहीत. त्या रोज ३० किलोमीटर स्कूटीवरून यायच्या, पेट्रोल स्वतःचं. जानेवारीत त्यांना दुसरीकडे पूर्ण पगाराची नोकरी लागली आणि त्या गेल्या, बारावीच्या प्रॅक्टिकलच्या तोंडावर. जाताना सायन्सच्या पोरींच्या जर्नलवर सगळ्या सह्या करून गेल्या, रात्री उशिरापर्यंत लॅबमध्ये बसून. त्यांना मी एका शब्दाने दोष देणार नाही. दोष संस्थेचा आहे. आम्ही मंडळाचा ठराव करून संस्थेला पत्र दिलं, पोच घेतली, उत्तर आजपर्यंत नाही. परीक्षेपर्यंतचा उरलेला भाग हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांनी जमेल तसा घेतला आणि आमच्या सायन्सच्या तुकडीला फिजिक्समध्ये मार खावा लागला. एसटीची गाडी आम्ही बदलून आणली पण आमच्याच मॅडमचे पैसे काढून देऊ शकलो नाही, हे मला अजून टोचतं. बाकी संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमाला फेटे, मंडप, दोन-दोन स्क्रीन, त्यात कधी कमी पडलं नाही.

अजून दोन गोष्टी खटकल्या. जीएस माझ्या दोन्ही वर्षांत मुलगाच झाला, पोरींची संख्या जास्त असून. पोरी उभ्याच राहात नव्हत्या जीएसला, घरचे पोस्टरवर नाव नको म्हणायचे. आणि मतं बऱ्यापैकी गावावरून पडायची, मोठ्या गावच्या पोराला सोपं जायचं. तीन मिनिटांच्या भाषणाने त्यात थोडा फरक पडला, एका वाडीवरचा पोरगा फक्त पाण्याच्या टाकीवर बोलला, ती टाकी कधी धुतली याची तारीखच विचारली त्याने, आणि निवडून आला. टाकी दुसऱ्याच दिवशी धुतली.

आता मी जिथे आहे तिथे तीन मजली इमारत आहे, लिफ्ट आहे, ऑडिटोरियम आहे. विद्यार्थी परिषदेची यादी एक दिवस नोटीस बोर्डवर लागते आणि त्यातली नावं कुणी निवडली ते कुणालाच सांगता येत नाही. २०१९ मध्ये विद्यापीठांच्या निवडणुकांचं वेळापत्रक आलं होतं, विधानसभेची निवडणूक आली म्हणून पुढे ढकललं, मग कोरोना आला, आणि आमच्या कॉलेजात तरी अजून मतपेटी आलेली नाही. पहिल्या वर्षी मी गॅदरिंगचा हिशेब कुठे लागतो विचारलं तर ऑफिसमधले सर माझ्याकडे बघतच राहिले.

तर मी पाचपैकी चार स्टार देते. एक कापला तो फिजिक्सच्या मॅडमसाठी.

आर्ट्सला जायचं असेल तर डोळे झाकून पहिल्या नंबरला टाक. सायन्सचं असेल तर आधी कॉलेजात जाऊन विचार, फिजिक्स आणि गणिताला पूर्ण पगारी शिक्षक आहेत का तासिकेवर, आणि तासिकेवर असतील तर त्यांचे गेल्या वर्षीचे पैसे निघाले का. लाजू नकोस, सरळ विचार, इंग्लिशचे सर खरं सांगतील. नीट-सीईटीची तयारी तिथे होत नाही, ती वेगळी करावी लागेल हे धरून चाल.

आणि ५:२० ची गाडी अजून आहे. मी मागच्या महिन्यात गावी गेले होते तेव्हा त्याच गाडीने गेले, मागच्या सीटवर चार पोरी मांडीवर प्रॅक्टिकलची जर्नल ठेवून आकृत्या काढत होत्या.